दाराजवळची लेखिका

लेखावर कुणाचं नाव कितव्या जागी घालायचं, हे आमच्या संस्थेत मटण वाढण्याच्या रीतीनं ठरतं. थट्टा नाही करत. पाहुणे जमले की सर्वांत वडीलधाऱ्याला दारासमोरच्या भिंतीशी मानाच्या जागी बसवायचं, मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवायचं, मग वयानं नि हुद्द्यानं उतरत उतरत एकेकाला त्याच्या मानाचं हाड द्यायचं. सगळ्यांत लहान असेल त्यानं दाराजवळ, बुटांच्या ढिगापाशी बसून चहा ओतायचा. जेवणाला हे ठीक आहे. मी कुणाला चुकीचं हाड वाढलं तर माझी आई थडग्यातून उठून येईल. पण 'डोंगरी पशुपालन' हे आमचं संशोधनाचं नियतकालिक म्हणजे काही मटणाची परात नव्हे, असं मी, त्याची कार्यकारी सचिव, वर्षानुवर्षं ओरडतेय. कोण ऐकतंय माझं!

यंदाच्या वसंतात सेझिमचा लेख आला. सेझिम आमच्याकडची सगळ्यांत धाकटी संशोधक. लागोपाठ तीन उन्हाळे ही पोरगी नारीनच्या वरच्या कुरणांत याकवाल्यांच्या तंबूत राहिली, पहाटे कुडकुडत दुधाचे नमुने घेतले, आणि कुठल्या गवतावर याकच्या दुधात किती स्निग्धांश उतरतो ते लिहून काढलं. लेख एकटीनं लिहिला, नाव एकच घातलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी वाचला. चांगला होता. आमच्याकडे चांगला लेख आला की मला आधी चोरीचाच संशय येतो, म्हणून सगळीकडे शोधून पाहिलं. चोरीचा नव्हता.

मग तो लेख 'भाषा सुधारायला' संचालकांच्या खोलीत गेला आणि सहा नावं घेऊन बाहेर आला.

पहिलं नाव संचालक काचीबेक अगाय यांचं. अगाय म्हणजे गुरुजी, आणि आमचे काचीबेक अगाय संचालकही आहेत नि नियतकालिकाचे मुख्य संपादकही. दुसरं नाव सुयुनबाय अगाय, म्हणजे आधीचे संचालक. देवमाणूस, पण सेझिमनं पहिला याक बघितला त्याच्या आधीच वारलेले. वयानं खरं तर त्यांचाच पहिला मान, पण मेलेल्या माणसापुढे डोकं वाढत नाहीत, म्हणून दुसरे. तिसरे उपसंचालक ओमुरझाक. चौथी हिशेबनीस कुलिपा. पाचवा मार्लेन, संचालकांचा जावई. आणि सगळ्यांत शेवटी, बुटांपाशी, सेझिम.

मी तिला बोलावलं. "हे काय गं?"

"जाऊ द्या ना एजे," ती म्हणाली. एजे म्हणजे ताई, मला सगळे तेच म्हणतात. "मी बसते दाराजवळ. सवय आहे मला."

"सवय आहे म्हणे! राजधानीतून नवा नियम आलाय, माहीत आहे ना? पहिलं नाव तुझं नसेल तर प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बसता येत नाही. आणि शरद ऋतूत परीक्षा झाली नाही तर तुझी जागा जाते."

"माहीत आहे. दादानं तिकडे परदेशात, येकातेरिनबुर्गला खाट धरून ठेवलीय माझ्यासाठी. गोदामात मोजे भरायचं काम आहे. पगार बरा देतात."

हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तीन उन्हाळे बर्फाच्या पाण्यात हात घातले, ते काय मोजे भरण्यासाठी? मी लेख उचलला आणि तशीच संचालकांच्या खोलीत शिरले.

आता गंमत सांगते. मागच्या वर्षी आमचं नियतकालिक परदेशातल्या एका मोठ्या यादीत यावं म्हणून अगायनी प्रकाशनाचे नीतिनियम स्वीकारले. भर सभेत वाचून दाखवले, टाळ्या घेतल्या, आणि सोनेरी चौकटीत घालून स्वतःच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगले. त्यामुळे ते नियम त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. फक्त त्यांना दिसत नाहीत.

"अगाय, तुमच्या डोक्यामागे लिहिलंय, ज्यानं काम केलं तोच लेखक," मी म्हटलं. "या लेखात तुम्ही काय काम केलंत?"

"मी?" ते खरंच दुखावले. "उमसुनाय, ही पोरगी वर निघाली तेव्हा दोन्ही हात पसरून आशीर्वाद कुणी दिला? वाटेत गाडी उलटली का? तिला लांडग्यांनी खाल्लं का?"

"नाही."

"मग?"

कपाळ माझं! मी पुढच्या नावाकडे वळले. "ओमुरझाक?"

"तिच्या दौऱ्याला मंजुरी कुणी दिली?"

"कुलिपा?"

"पेट्रोल काय झऱ्यातून येतं?"

"मार्लेन?"

"त्यानं छायाचित्रं काढलीत."

ती छायाचित्रं मी बघितली होती. सगळ्यांत मार्लेन उभा आहे आणि मागे कुठेतरी याकची शेपटी. "आणि सुयुनबाय अगाय? ते तर..."

"मेलेल्या माणसाला काढून टाकू?" अगायनी आवाज खाली आणला. "लाज वाटत नाही तुला? त्यांची बायको अजून आहे गावात."

"बरं, सगळे राहू देत. निदान सेझिमला पहिली घाला."

"म्हणजे मी कुठे? शेवटी? दाराजवळ?" त्यांनी डोक्यावरची कल्पाक, ती आमची उंच मानाची टोपी, काढून टेबलावर ठेवली. हे लक्षण वाईट. "सत्तरी आली माझी. संस्थेत बुटांपाशी बसू आता?"

परदेशात शेवटचं नाव मानाचं समजतात, असंही सांगून पाहिलं. ते म्हणाले, परदेशात लोक बूट घालून घरात फिरतात. विषय संपला.

नावांचं नंतर बघू म्हणून मी लेख परीक्षकाकडे पाठवला. आमच्याकडे परीक्षण गुप्त असतं. लेखकाला परीक्षक कळू नये, परीक्षकाला लेखक कळू नये, म्हणून मी नावं काढून, कागद साफ करून पाठवते. देशात याकच्या दुधातलं कळणारा माणूस एकच, तो ओश शहरात. आठवडा गेला आणि त्याचा फोन आला.

"उमसुनाय एजे, मी तुमचा गुप्त परीक्षक बोलतोय. गुडघा कसा आहे?"

"दुखतोय. लेख वाचला का?"

"वाचला. नावं काढली म्हणून मला काय कळत नाही? उन्हाळाभर वर राहणारी तुमच्याकडे एकच पोरगी आहे. पण मला कळलेलं नाही असं समजा." मग त्याचा आवाज बदलला. "एजे, तो स्निग्धांशाचा आकडा बघितलात का? अकरा टक्के! याक म्हणजे काय लोण्याची बरणी आहे? माझ्या हयातीत मी आठाच्या वर फारसं बघितलेलं नाही. एक तर मोजमाप चुकलंय, नाहीतर आकडे तंबूत बसून रचलेत. लेखकांकडून मला खुलासा हवा. आला नाही तर मी राजधानीत नीतिसमितीला कळवणार. मग ज्यांची ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांना तिथे उभं राहावं लागेल."

फोन ठेवला. खरं सांगते, समितीची भीती नव्हती. मला भीती होती की पोरीनं खरंच आकडे रचले असतील तर? सेझिम मला लेकीसारखी आहे, पण रचलेले आकडे मी छापले नसते. तिला मोजे भरायला मीच स्टेशनवर पोचवलं असतं, आणि परत येऊन रडत बसले असते. आणि विचारू कशी? ती पुन्हा वर गेली होती. तिथे फोन लागतो तो एका टेकाडावर, तोही वाऱ्याची मर्जी असेल तर. वर जाणाऱ्या मालट्रकवाल्याकडे निरोप दिला की मिळेल त्या गाडीनं ये.

तोवर मी नियमाप्रमाणे वागले. नियम सांगतो, शंका आली तर ती सर्व लेखकांना कळवायची, प्रत्येकानं उत्तर द्यायचं, ज्याला जबाबदारी घेता येत नसेल त्यानं तसं लिहून देऊन नाव मागे घ्यायचं. मी सगळ्यांना एकच मजकूर कळवला. त्यात काना-मात्रेचाही खोडसाळपणा नव्हता. फक्त 'नीतिसमिती' हा शब्द होता.

सर्वांत आधी कुलिपा धावत आली. धापा टाकत म्हणाली, "एजे, माझं नाव कुणी घातलं त्यात? मला याक लांबून दिसला तरी घाम फुटतो! मी पेट्रोलवर सही केली, दुधावर नाही!"

"लिहून दे."

तिनं उभ्या उभ्या लिहून दिलं.

मार्लेननं फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे लग्नाची वाजंत्री चालू होती. "एजे, मी फक्त फोटो काढले. तेसुद्धा माझेच." इतकं प्रामाणिक वाक्य त्या मुलानं आयुष्यात प्रथमच उच्चारलं असावं. मी त्याला तेही लिहून द्यायला लावलं.

ओमुरझाक आला तो दार लावूनच. "उमसुनाय, त्या काळात मी रजेवर होतो."

"कुठल्या काळात?"

"तिन्ही उन्हाळे."

"तिन्ही उन्हाळे रजेवर? अहो, पगार घेतलात ना? लिहून देताय का असं?"

त्यानं घाम पुसला. "असं लिही की कामाच्या व्यापामुळे मला या लेखाची काहीच माहिती नाही."

"तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं हवं."

सुयुनबाय अगाय तेवढे गप्प राहिले. हात न झटकलेला तोच एक लेखक. मी मनात म्हटलं, बघा, जुनी माणसं ती जुनी माणसं! पण दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. कुलिपानं जाऊन सांगितलं होतं. "बाळा, आमच्या ह्यांचं नाव कुठल्या दुधाच्या भानगडीत आलंय? ह्यांना तर दूध पचायचंच नाही गं. काढून टाक, त्यांना शांत झोपू दे." मी हो म्हटलं.

शेवटी काचीबेक अगाय. मला खोलीत न बोलावता स्वतः माझ्याकडे आले, खुर्चीवर बसले, चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारकडे बघत राहिले.

"हे समितीचं कितपत गंभीर आहे?"

"खूपच."

"माझ्या मानद पदवीचा कागद त्याच समितीपुढे आहे," ते पुटपुटले. "तू संपादकीय टीप घाल. म्हण, संचालकांचं नाव नजरचुकीनं पडलं."

"नजरचुकीनं पहिलं पडलं?"

"उमसुनाय!"

"अगाय, पोरगी वरून येतेय. दोन दिवस थांबा. तिला उत्तर ठाऊक असेल. तुम्ही तिचे प्रमुख ना? तिच्या शेजारी उभे राहा. मग मी स्वतः तुमच्या नावासाठी भांडेन."

हे मी मनापासून म्हटलं होतं. ते थांबले असते तर मी खरंच भांडले असते. पण त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि लिहून दिलं की या लेखाशी माझा कुठल्याही प्रकारे संबंध नाही. मग म्हणाले, "चहा दे आता, घसा कोरडा पडला."

मी पियाला काठोकाठ भरून त्यांच्यापुढे ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. संपला की पुन्हा अर्धा, म्हणजे त्याला बसवून घ्यायचंय. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, पी नि चालता हो. अगायनी पियाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कल्पाक डोक्यावर चढवली आणि चहा न पिताच गेले.

सेझिम आली तेव्हा तिच्या अंगाला शेणाच्या धुराचा वास येत होता. मी तिला बसूही दिलं नाही. "अकरा टक्के कुठून आणलेस? खरं सांग. रचलेस का?"

"रचले?" ती भांबावली. "एजे, तुम्ही याकची धार काढताना बघितलीय का?"

"मी गावातली बाई. मी पिशवीतलं दूध आणते."

"वासराला आधी सोडतात. त्याशिवाय ती पान्हाच सोडत नाही. वासरू आधीचं पातळ दूध पिऊन टाकतं, मग त्याला ओढून बाजूला बांधतात आणि उरलेलं काढतात. ते शेवटचं असतं ना, ते दाटच असतं. मी माणसांच्या वाट्याला येणारं दूध मोजलंय. ओशच्या गोठ्यात वासरू वेगळं ठेवून सगळं दूध काढतात, म्हणून त्यांचा आकडा कमी येतो. मी लिहिलं होतं की हे सगळं."

"कुठे लिहिलंस? लेखात वासराचं नावसुद्धा नाही!"

ती खाली बघायला लागली. "होतं. अगायनी खोडलं. म्हणाले, वासराला आधी पाजतात, हे काय विज्ञान आहे? आमची आजीही सांगायची. लेखाची शोभा जाते म्हणाले."

मी तिचा मूळ लेख काढून बघितला. होतं. चांगलं भलंमोठं वाक्य. म्हणजे आमच्या संचालकांनी या लेखात शेवटी एक काम केलेलं निघालं, आणि ते हे!

"आणि खोडलं तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" मी ओरडले.

"अगायपुढे कशी बोलू, एजे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही आलं. दोघी जणींनी रडून घेतलं, तळलेले बोर्सोक खाल्ले आणि खुलासा लिहायला बसलो.

ओशहून फोन आला. "वासरू आधी! अरेच्चा! माझी पण मती गेली होती. घाला छापून. आणि हे वाक्य ज्यानं काढलं त्याला सांगा, लेखातला सगळा जीव त्यातच होता. गुडघ्याला मेंढीची चरबी चोळा."

बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग. कुलिपा म्हणाली, याकची तिला आता तेवढी भीती वाटत नाही. ओमुरझाकला एक उन्हाळा तरी आपण हजर होतो असं आठवायला लागलं होतं. मी म्हटलं, सह्या तुमच्या, अक्षर तुमचं, आता चालते व्हा.

पण अंकावर मुख्य संपादकाची सही लागते. मी लेख घेऊन गेले. वर एकच नाव, सेझिमचं. खाली आभारात सुयुनबाय अगाय. ते तिनं हट्टानं घातलं होतं, कारण तिला शाळेतून उचलून या संस्थेत त्यांनीच आणलं होतं.

काचीबेक अगायनी कागद दूर सारला. "मी सही करणार नाही. संस्थेचा लेख आणि त्यात संचालक नाही? लोक काय म्हणतील? बघतो कसा निघतो अंक."

"तुम्हाला सही करायचीच नाहीये अगाय. करताच येत नाही. ज्याचं नाव लेखात गुंतलं होतं त्यानं त्या लेखाचा निर्णय घ्यायचा नाही. ओमुरझाकलाही येत नाही. मार्लेनलाही नाही. अख्ख्या संस्थेत या लेखात बोट न घातलेले दोघेच उरलेत, एक मी आणि एक बॉयलरवाला."

"असं कुठे लिहिलंय?"

"तुमच्या मागे."

ते खुर्चीचा कर्रर्र आवाज करत वळले, चष्मा लावला, आणि सोनेरी चौकटीतले नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वाचताना त्यांची मान हळूहळू खाली गेली. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "जा तू." मी गेले आणि सही करून अंक छापायला धाडला.

सेझिम परीक्षेत उत्तम पास झाली. तिच्या वडिलांनी मेंढा कापला, सगळ्या संस्थेला बोलावलं. अगाय येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो लेख निघाल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पण ते आले, नवी कल्पाक घालून. त्यांना दारासमोरच्या भिंतीशी बसवलं. त्यांचाच मान तो, तिथे कुणाचं दुमत नव्हतं. सेझिम दाराजवळ बुटांपाशी बसून चहा ओतत होती. तेही रीतीप्रमाणेच.

डोकं त्यांच्यापुढे आलं. आता रीत अशी की वडीलधाऱ्यानं पहिल्यांदा कान कापायचा आणि बैठकीतल्या सगळ्यांत लहानाला द्यायचा, म्हणजे त्यानं मोठ्यांचं ऐकावं. अगायनी सुरी घेतली, कान कापला. सेझिमनं गुडघ्यावर पुढे सरकून दोन्ही हात पसरले. सगळे बघत होते.

अगायनी कान हातात धरून जरा विचार केला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

कान चिवट असतो, त्यांचे दात नवे, ते बराच वेळ चावत राहिले. गिळला. मग दुसरा कान कापला आणि ओमुरझाकपुढे धरला. "तूही खा."

हसू दाबताना मला ठसका लागला. पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी जबडा उघडून जीभ कापून काढली, सबंध, आणि सेझिमला म्हणाले, "ही तुझी. पुन्हा कुणी तुझं वाक्य खोडलं तर तोंड उघड. समोर मी असलो तरी."

सेझिमनं ती दोन्ही हातांनी घेतली. तिचे वडील भिंतीकडे तोंड करून उगाच नाक शिंकरत बसले.

पोरगी खात होती म्हणून मी बुटांपाशी जाऊन समोवार माझ्याकडे ओढला. अगायनी आपला रिकामा पियाला हातोहाती माझ्यापर्यंत पाठवला.

"उमसुनाय," ते पलीकडून म्हणाले, "अर्धाच ओत हं."